कोयता एक, माणसे दोन

साखर हंगाम सुरू झाला की पुण्यातील साखर संकुलातून गाळपाचे आकडे बाहेर पडू लागतात. किती कारखान्यांची धुराडी पेटली, किती लाख टन ऊस गाळला गेला, किती क्विंटल साखर तयार झाली आणि उतारा किती पडला, याचा विभागवार आणि कारखानावार हिशेब ठेवला जातो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कारखान्यांची चुरस तर उताऱ्याच्या दशांश चिन्हापुढील दुसऱ्या अंकावर चालते. २०२१-२२ च्या हंगामात राज्याने १३०० लाख टनांहून अधिक ऊस गाळला, हे शासन ठामपणे सांगते. तो ऊस किती माणसांनी तोडला, असे विचारले की मात्र हा ठामपणा सरतो. कोणी ८ लाख म्हणतो, कोणी १२ लाख, कोणी १५ लाख. साखरेचा हिशेब शंभरांश टक्क्यापर्यंत देणाऱ्या यंत्रणेला माणसांच्या बाबतीत काही लाखांची तफावत चालते आणि तिच्याबद्दल कोणालाही खुलासा मागावासा वाटत नाही.

याचे कारण ऊसपट्ट्यातील एका शब्दात आहे. येथे माणसे मोजली जात नाहीत, कोयते मोजले जातात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. मुकादम 'दहा कोयते आणले' म्हणतो तेव्हा फडात वीस माणसे उतरलेली असतात. एकटा पुरुष किंवा एकटी बाई आली तर तो 'अर्धा कोयता'. उचल कोयत्यावर दिली जाते, करार कोयत्याचा होतो, खाड्याचा दंडही कोयत्यावर बसतो. पहाटे चारला उठून थंडीत उसाच्या मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई या हिशेबात स्वतंत्र माणूस म्हणून कोठेच येत नाही. ती नवऱ्याच्या कोयत्याचा अर्धा भाग असते.

फडावर चिटबॉय उभा असतो. त्याच्या पावतीवर शेतकऱ्याचे नाव असते, गट क्रमांक असतो, उसाची जात असते, लागणीची तारीख असते, वाहनाचा क्रमांक असतो. टोळीचा संकेतांक किंवा मुकादमाचे नाव असते. ज्याने ऊस तोडला त्याचे नाव नसते. ऊस को ८६०३२ आहे की आणखी कोणता, हे कारखान्याला ठाऊक असावे लागते. तोडणारी बाई सोळा वर्षांची आहे की छत्तीस, ती बीडची आहे की जतची, हे ठाऊक असण्याची सक्ती नाही.

कायद्याचा नमुना आणि वेतनपटाची भिंत

वास्तविक, आपल्याकडे किती आणि कोणती माणसे राबतात हे मालकाने शासनाला कळवावे, ही अपेक्षा या देशात नवी नाही. सेवायोजन कार्यालये (रिक्त पदे अधिसूचित करण्याची सक्ती) अधिनियम १९५९ साली संमत झाला आणि १ मे १९६० रोजी, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या जन्मदिवशीच, अमलात आला. २५ किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या प्रत्येक खासगी आस्थापनेने दर तिमाहीस 'ईआर-१' आणि दर दोन वर्षांनी 'ईआर-२' विवरणपत्र भरावे, असे त्याच्या नियमांत सांगितले गेले. किती पुरुष, किती स्त्रिया, कोणत्या व्यवसायात किती, ही माहिती त्यात द्यावयाची. सातारा आणि सांगलीची जुनी सेवायोजन कार्यालये आता कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे झाली आहेत. विवरणपत्र महास्वयंच्या संकेतस्थळावर गेले. तिमाही संपली की 'आस्थापनांनी ईआर-१ भरावे' असे आवाहन स्थानिक वृत्तपत्रांत नेमाने छापून येत राहिले. ज्या कर्तव्याची आठवण कायदा झाल्यावर सहा दशकांनीही विनंतीवजा द्यावी लागते, त्याचे पालन कसे होत असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

दंडाची रक्कम पाहिली म्हणजे कोडे सुटते. विवरणपत्र न दिल्यास पहिल्या अपराधाला २५० रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक अपराधाला ५०० रुपयांपर्यंत दंड. १९५९ साली या रकमेला काही वजन होते. कराडच्या किंवा इस्लामपूरच्या हॉटेलात चौघांनी जेवण केले तरी आज याहून अधिक बिल होते.

पण दंडापेक्षाही मोठी पळवाट नमुन्यातच होती. माहिती द्यावयाची ती आस्थापनेच्या वेतनपटावरील माणसांची. शिरवळच्या एखाद्या कारखान्यात तीन पाळ्यांत राबणारा मुलगा कंत्राटदाराच्या वेतनपटावर असतो. कंत्राटदार आपली माणसे दोन-तीन नावांच्या संस्थांत विभागून ठेवतो. महाराष्ट्राने कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा २० वरून ५० वर नेली, तेव्हापासून ४९ या संख्येला आगळेच महत्त्व आले आहे. आणि ऊसतोड कामगार तर कायद्याच्या दारापर्यंतही पोहोचला नाही, कारण खासगी क्षेत्रातील शेतीची कामे १९५९ च्या अधिनियमातून वगळलेलीच होती. साखर विकताना कारखाना हा उद्योग असतो, सवलती आणि कर्जहमी मागतानाही उद्योग असतो. तोडणी कामगाराचा विषय निघाला की तो अकस्मात शेतकरी होतो. तोडणी-वाहतुकीचे करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी. कित्येक ठिकाणी तोडणी-वाहतुकीची संस्थाच वेगळी. अशा पायऱ्या रचून झाल्यावर सर्वांत वर बसलेला संचालक निश्चिंतपणे सांगू शकतो की, हे आमचे कामगारच नव्हेत.

याच दोन जिल्ह्यांत एकेकाळी मालकाला आपल्याकडे कोण राबते ते नावानिशी ठाऊक असे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभारला आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहारेकरी नेमण्याचे धाडस केले. त्यांच्यासमोर शासनाचा नमुना नव्हता. माणूस ओळखल्याशिवाय त्याच्या हाती किल्ल्या देता येत नाहीत, एवढे शहाणपण होते. असो.

आरडाओरडा परप्रांतीयांचा, मोजणी कोणाचीच नाही

२००८ साली मुंबईत परप्रांतीयांविरुद्ध हाणामाऱ्या झाल्या. रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या मुलांना चोप दिला गेला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबर रोजी राज्याच्या उद्योग खात्याने शासन निर्णय काढला: पर्यवेक्षकीय श्रेणीत किमान ५० टक्के आणि इतर श्रेणींत किमान ८० टक्के स्थानिक असावेत, स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असलेला. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडी सरकारने राज्यपालांच्या अभिभाषणातून यासाठी कायदा करण्याची घोषणा केली. टाळ्या मिळाल्या, कायदा झाला नाही. हरियाणाने केला. ७५ टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याचा तो कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी, महाराष्ट्राच्या शासन निर्णयाला बरोबर पंधरा वर्षे झाली त्या दिवशी, घटनाबाह्य ठरवला.

ऐंशी टक्के ही मागणी योग्य की अयोग्य हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. टक्केवारी काढावयाची तर आधी एकूण संख्या हवी. छेदच ठाऊक नाही तेथे अंशाचा अभिमान कशाला? कारखान्याने आपल्या पटावरील दीडशे जणांची यादी दिली, त्यात सव्वाशे स्थानिक निघाले, अटीचे पालन झाले. फाटकातून रोज आत जाणारी उरलेली तीनशे माणसे कंत्राटदाराची. ती बिहारची की बार्शीची, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. अशा रीतीने स्थानिकाला नोकरी मिळत नाही आणि परप्रांतीयाला ओळख मिळत नाही. मोर्चे काढणारे नेते आणि टेंडर घेणारे कंत्राटदार यांच्यातले नाते काही ठिकाणी सख्खे असते, हे दोन्ही जिल्ह्यांत सर्वांना ठाऊक आहे.

आणि परप्रांतीय म्हणजे कोण? खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळच्या दुष्काळी गावांतून उठलेले गलाई बांधव आज तामिळनाडूपासून काश्मीरपर्यंत सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करतात. विट्याच्या परिसरातील किती बंगले या परमुलुखातील घामावर उभे आहेत! गावचे मंदिर, शाळेची खोली, यात्रेचा खर्च यांत गलाई बांधवांचा वाटा असतो. त्या त्या राज्याने उद्या 'बाहेरचा' म्हणून त्यांच्या दुकानावर दगड मारला तर सांगलीला कसे वाटेल? ज्या मराठी माणसाने अटकेपार झेंडे लावले त्याने कुपवाडच्या फाउंड्रीत वितळलेले लोखंड ओतणाऱ्या पूर्वांचली मुलाकडे परका म्हणून पाहावे, हे शोभत नाही. राष्ट्र एक आहे असे मानणाऱ्यांनी तरी त्या मुलाचे नाव रजिस्टरात असावे असा आग्रह धरला पाहिजे. नाव नोंदवणे म्हणजे त्याला हुसकावण्यासाठी यादी करणे नव्हे. ते त्याचा मालक कोण आहे हे लेखी ठरवणे आहे.

मालक कोण हे लेखी नसले म्हणजे काय होते, ते २०२० च्या टाळेबंदीत देशाने पाहिले. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा १९७९ पासून अस्तित्वात होता. पाच किंवा अधिक अशा कामगारांच्या आस्थापनेने नोंदणी करावी, कंत्राटदाराने परवाना घ्यावा, प्रत्येक कामगाराला छायाचित्रासह पासबुक द्यावे, असे तो सांगत होता. ती पासबुके खरोखर दिली गेली असती तर पुणे-बंगळूर महामार्गावरून पायी निघालेल्या माणसांना त्यांचा मालक विचारता आला असता. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये कान उपटले, ऑगस्टमध्ये ई-श्रम सुरू झाले आणि ३० कोटींहून अधिक श्रमिकांनी तेथे नोंद केली. हे काम मोठेच आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण तेथे नाव कामगाराने स्वतः नोंदवावयाचे असते. ज्याला माहिती आहे, ज्याच्याकडे लेखनिक आहे, संगणक आहे, तो मालक मोकळाच राहिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. एकोणतीस जुन्या कायद्यांचे जंजाळ आवरले गेले. ही मागणी दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगापासून, म्हणजे २००२ पासूनची. स्वतःहून परराज्यात गेलेला कामगारही आता स्थलांतरिताच्या व्याख्येत आला, ही चांगली सुधारणा झाली. परंतु मर्यादा पाचावरून दहावर गेली आणि 'आंतरराज्य' हा शब्द कायम राहिला. बीडहून वाळव्याला आलेले जोडपे राज्याची सीमा ओलांडत नाही. जतहून पलूसला आलेले तर जिल्ह्याचीही नाही. माणहून कराडला उतरणाऱ्याचेही तेच. घरदार बंद करून, म्हातारी माणसे मागे ठेवून, लेकरे बरोबर घेऊन पाच-सहा महिने कोपीत राहणारी ही माणसे कायद्याच्या दृष्टीने स्थलांतरितच नाहीत. सरकार आपले आहे म्हणून ही त्रुटी नजरेआड करणे योग्य होणार नाही.

गर्भाशये मोजली गेली

स्त्रियांची मोजणी एकदा झाली आणि ती कशासाठी झाली, हे सांगितले पाहिजे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा नको, दंड नको, पोट दुखू नये, डॉक्टरने भीती घातली, अशी कारणे पुढे आली. त्या स्त्रिया वर्षानुवर्षे पश्चिम महाराष्ट्राच्या फडांत राबत होत्या. त्यांचा ऊस मोजला गेला, उतारा मोजला गेला. त्या स्वतः मोजल्या गेल्या तेव्हा त्यांच्या शरीरातून काय काढले गेले ते मोजण्यासाठी. दरवर्षी हंगामाच्या शेवटी प्रत्येक कारखान्याने तोडणी करणाऱ्या स्त्रियांची नावे, वये आणि आजारपणाचे दिवस कळवले असते, तर हे प्रकरण विधिमंडळात पोहोचायला इतकी वर्षे लागली नसती.

स्त्रियांच्या हक्कांवर व्याख्याने देणारी, पुरोगामी म्हणवणारी मंडळीच या पट्ट्यातील अनेक कारखान्यांच्या संचालक मंडळांवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या व्याख्यानांत ही संख्या फारशी ऐकू येत नाही.

कारखानदारांचा युक्तिवाद ठरलेला आहे: आणखी एक विवरणपत्र म्हणजे पुन्हा 'इन्स्पेक्टर राज'. यात काही तथ्यही आहे. मिरज औद्योगिक वसाहतीत पंधरा माणसांवर लेथ मशीन चालवणारा उद्योजक निम्मा दिवस कागद भरण्यात घालवतो, त्याची चीड समजण्यासारखी आहे. परंतु मोठ्यांनी ही ढाल पुढे करू नये. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून कायम आणि बिगरकायम कामगार, पुरुष आणि स्त्रिया, दिव्यांग कर्मचारी यांचे आकडे वार्षिक अहवालात छापावे लागतात. त्यांनी ते छापले. कोणाचे दिवाळे वाजले नाही. अमेरिकेत १९६६ पासून शंभरावर माणसे असलेले मालक आपल्या कर्मचाऱ्यांची वंश आणि लिंगानुसार वर्गवारी दरवर्षी शासनाला देत आले. भागधारकाने विचारले की मोजणी जमते. कामगार अधिकाऱ्याने विचारले की ती अवघड होते.

पोटाशी जोडलेली नोंद टिकते, याचा पुरावा साताऱ्याच्याच माणसांनी दिला आहे. पाटण, जावळीच्या डोंगरांतून मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत पाठीवर पोती वाहायला गेलेल्या हमालांना कोणी मालक नव्हता. टोळीवाला होता, जसा येथे मुकादम आहे. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंद करावयाची, हमालानेही करावयाची. मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरावयाची. मंडळाने ती हमालाच्या खात्यावर द्यावयाची. नाव नसेल तर पैसा नाही, म्हणून नाव गाळले जात नाही. या व्यवस्थेत पुढे गैरप्रकारही शिरले, खंडणीखोर माथाडी म्हणून मिरवू लागले. तरी हमालाच्या मुलाला भविष्य निर्वाह निधीतून शिक्षण मिळाले, हे खरे.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले. त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यावेत आणि शासनाने तेवढीच भर घालावी, असे ठरले. हेतू उत्तम आहे. पण येथेही माप टनाचेच! माणसागणिक रक्कम ठरली असती तर कारखान्याला माणसे सांगावी लागली असती. आता ओळखपत्रे ग्रामसेवकाने द्यावयाची, म्हणजे पुन्हा जेथून माणूस निघतो तेथे नोंद; जेथे तो राबतो तेथे नाही.

यात ऊस उत्पादकाचा आणि वाहतूकदाराचाही स्वार्थ आहे. ट्रॅक्टरसाठी कर्ज काढून, वर मुकादमाला लाखो रुपयांची उचल देऊन हंगामाची वाट पाहणारे तरुण सांगली-साताऱ्याच्या गावोगावी आहेत. मुकादम तेच कोयते तीन ठिकाणी दाखवतो, तिघांची उचल घेतो आणि एकाकडेही फिरकत नाही. पोलीस ठाण्यांत अशा फसवणुकीचे गुन्हे वर्षानुवर्षे दाखल होत आहेत. कित्येकांनी यात जमिनी विकल्या. प्रत्येक कारखान्याची नावानिशी यादी एकाच ठिकाणी जमा झाली असती तर एक जोडपे तीन करारांत दिसताक्षणी सापडले असते.

आणि यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचीही आवश्यकता नाही. दरवर्षी गाळप परवाना साखर आयुक्त देतात. शेतकऱ्याची एफआरपी थकली असेल तर तो अडवला जातो, आणि तो अडवला की जे पैसे महिनोन्‌महिने निघत नव्हते ते आठवड्यात निघतात, हा सर्वांचा अनुभव आहे. त्याच परवान्याच्या अर्जासोबत मागील हंगामातील तोडणी कामगारांची यादी मागवावी: पुरुषाचे नाव वेगळे, स्त्रीचे नाव वेगळे, दोघांची वये, मूळ गाव आणि तालुका, सोबतची मुले किती, कोणत्या मुकादमामार्फत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हंगामात कोणाला इजा किंवा मृत्यू. यादीवर सही कार्यकारी संचालकाची, मुकादमाची नव्हे. मजुरी दोघांच्या स्वतंत्र बँक खात्यांवर. चिटबॉयच्या हातात पावती देणारे यंत्र आलेच आहे. त्यात टोळीच्या संकेतांकाखाली चार नावे बसवणे हे शेती विभागाला एका हंगामाचे काम आहे.

जनगणनेतील लोकसंख्यामोजणीसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवण्यात आली आहे. त्या सुमारास पट्टा पडलेला नसतो. बीड, जत आणि माणच्या पाड्यांवर कुलपे असतात आणि कृष्णा-वारणेच्या काठी कोप्या उभ्या असतात. प्रगणक त्या कोप्यांपर्यंत जाईल तेव्हा आत कोण राहते हे सांगण्यासाठी कारखान्याच्या गट कार्यालयात काय उपलब्ध असेल, याचे उत्तर साखर आयुक्तालयाने आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी त्याआधी द्यावे.